चामड्याचा वायसर

श्रोतेहो, नमस्कार.

घरात रॉकेलचा स्टोव्ह असलेल्यांना त्याच्या पंपाचा वायसर आठवत असेल. चामड्याचा, वाटीसारखा. तो सुकला की पंप हवा धरत नसे. मग तेलाचा थेंब दिला की स्टोव्ह पुन्हा फुरफुरू लागे. आज ज्या विमानांबद्दल बोलणार आहे, त्यांच्या गोष्टीतही असंच एक चामडं आहे, आणि त्यानं माणसं मारली.

आधी त्या प्रसिद्ध सकाळीकडे जाऊ, माणूस पहिल्यांदा ध्वनीपेक्षा जास्त वेगानं सपाट उडाला त्या सकाळीकडे. १४ ऑक्टोबर १९४७. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, एका कोरड्या तळ्याकाठी म्युरॉकचा हवाई तळ. तिथून एक बी-२९ बॉम्बर उडाला. त्याच्या पोटाखाली बेल कंपनीचं एक्स-१ हे रॉकेट-विमान टांगलेलं होतं, केशरी, बंदुकीच्या गोळीच्या घाटाचं. उंचावर नेऊन ते हवेतच सोडायचं असे. ते चालवणार होते कॅप्टन चक येगर, वय २४. दोनच दिवसांपूर्वी घोड्यावरून पडून त्यांच्या बरगड्या मोडल्या होत्या आणि वरिष्ठांना त्यांनी ते कळू दिलं नव्हतं. दार बंद करायला जोर लावता येईना, म्हणून त्यांचे मित्र आणि अभियंते जॅक रिडली यांनी झाडूच्या दांड्याचा तुकडा कापून दिला. ही दांड्याची गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र रिडलींची दुसरी कामगिरी फार मोठी वाटते.

ध्वनीच्या वेगाजवळ विमान वैमानिकाचं ऐकेनासं होतं, हे तोवर जगाला कळलं होतं. वर्षभरापूर्वीच इंग्लंडमध्ये जेफ्री डी हॅविलंड यांचं विमान टेम्स नदीच्या मुखावर हवेतच मोडलं आणि ते गेले. येगर यांनाही आधीच्या एका उड्डाणात तो अनुभव आला. कंट्रोल स्टिक ओढली, पण नाक वर येईना. शेपटीच्या आडव्या पंखाला मागे एक हलती पट्टी असते, तिनं नाक वर-खाली होतं. त्या वेगाला हवेचा आघात-तरंग, म्हणजे एकदम दाबल्या गेलेल्या हवेची लाट, नेमका पट्टीच्या बिजागरीवर येऊन बसला आणि पट्टी हलवूनही काही होईना. रिडलींनी आकडेमोड केली आणि सांगितलं की पट्टी सोडा, अख्खा आडवा पंखच अगदी थोडा-थोडा फिरवा. तशी सोय विमानात होतीच, पण तोल जुळवण्यापुरती. त्या सकाळी येगर त्याच भरवशावर वर गेले. सुमारे १३,००० मीटर उंचीवर वेग ध्वनीच्या १.०६ पट झाला आणि हादरे एकदम थांबले.

आता त्या चामड्याकडे वळतो. या विमानांचं रॉकेट इंजिन अल्कोहोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चाले. हा ऑक्सिजन उणे १८३ अंशांचा, आणि एक्स-१ मध्ये त्याची टाकी वैमानिकाच्या पाठीमागेच होती. ऑगस्ट १९५१ मध्ये एक्स-१डी, त्याच घराण्यातलं विमान, हवेतच पेटलं. त्याचे वैमानिक पीट एव्हरेस्ट वाहून नेणाऱ्या वरच्या विमानात चढले आणि जळतं विमान खाली सोडून द्यावं लागलं. नोव्हेंबरमध्ये आणखी एक एक्स-१ जमिनीवर फुटलं, त्यात वैमानिक जो कॅनन भाजले. १२ मे १९५३ ला बेलच्याच पुढच्या रॉकेट-विमानाचा, एक्स-२ चा, स्फोट झाला. वैमानिक स्किप झिगलर आणि त्यांना वाहून नेणाऱ्या विमानातले फ्रँक वोल्को, दोघंही मृत्युमुखी पडले. विमान ओंटारिओ सरोवरात गेलं. तीन विमानं गेली, तरी चामड्याकडे कुणाचं बोट गेलं नाही.

८ ऑगस्ट १९५५ ला एक्स-१ए चा स्फोट झाला, सोडायची वेळ अगदी जवळ आली असताना. वैमानिक जो वॉकर वाचले, विमान वाळवंटात टाकून द्यावं लागलं. पण या वेळी तपास करणाऱ्यांच्या नजरेत गॅस्केट आलं, म्हणजे सांध्यातून गळती होऊ नये म्हणून बसवलेली चकती. चामड्याचं गॅस्केट, मेणात आणि ट्रायक्रेसिल फॉस्फेट नावाच्या तेलकट रसायनात मुरवलेलं. द्रव ऑक्सिजनच्या संगतीत त्याला नुसता धक्का बसला, तरी स्फोट होतो! वैमानिक विमानात बसून ज्या धोक्यांची तयारी करत होते, त्यांत हे कुठं होतं? वेगाशी तर त्याचा संबंधच नव्हता. चारही वेळा वैमानिकानं उड्डाणासाठी इंजिन सुरूही केलेलं नव्हतं.

मला झिगलर यांच्याबद्दल सगळ्यात वाईट वाटतं. येगर यांचं नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. झिगलर यांनी ध्वनीची सीमा गाठण्याआधीच, वरच्या विमानाच्या पोटाशी लटकलेले असताना प्राण दिले, म्हणून त्यांचं नाव कुणी घेत नाही. पण चाचणी वैमानिकाचं काम हेच असतं, कुणालाच माहीत नसलेली चूक आधी आपल्या वाट्याला घेणं.

कारण कळल्यावर उरलेल्या विमानांतली ती गॅस्केटं काढून टाकली, आणि तसा स्फोट त्यांच्यात पुन्हा झाला नाही. झिगलर आणि वोल्को यांना जाऊन तेव्हा सव्वादोन वर्षं झाली होती.