मनोऱ्याविना राहिलेलं चर्च

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात अँडोव्हर नावाचं एक खेडं आहे. तिथे जेनी लिंड चॅपल या नावाचं लहानसं चर्च उभं आहे, पण त्याला मनोरा नाही. अमेरिकेत गेलेल्या स्वीडिश लोकांनी उभ्या केलेल्या ऑगस्टाना सिनोड या चर्चसंघाची आजची गोष्ट इथून सुरू होते. असं सांगतात, की मनोऱ्यासाठी आणलेल्या लाकडाच्या शवपेट्या कराव्या लागल्या. स्वीडनहून नुकती आलेली माणसं कॉलऱ्याने पटापट जात होती, आणि त्याच चर्चच्या तळघरात आजाऱ्यांची अंथरुणं पडली होती.

चर्च बांधणारे पाळक होते लार्स पॉल एस्ब्योर्न. १८४९ साली दीडशेच्या आसपास माणसं बरोबर घेऊन ते निघाले. प्रवासात त्यांची स्वतःची दोन मुलं दगावली. अँडोव्हरला पोचले तर हातात पैसा नाही, बरोबरचे निम्मेअधिक लोक इकडेतिकडे पांगलेले. मग पाळकसाहेब झोळी घेऊन अमेरिकेच्या पूर्वेकडच्या शहरांत फिरले. त्याच सुमारास स्वीडनची गायिका जेनी लिंड तिकडे दौऱ्यावर होती. तिच्या गाण्याची तिकिटं चक्क लिलावात विकली जात होती. तिने १,५०० डॉलर दिले. चर्चला तिचं नाव आहे ते त्यामुळे.

आता ही माणसं घर सोडून का आली? पोटासाठी, हे तर खरंच. पण मायदेशी चर्च म्हणजे सरकारी खातं होतं. पाळक घरोघर जाऊन वाचन आणि धर्मशिक्षणाची परीक्षा घ्यायचा आणि वहीत नोंद करायचा. पाळकाशिवाय चार जणांनी घरात बसून बायबल वाचायचं, तर १७२६ च्या कायद्याने तो गुन्हा होता. तो कायदा १८५८ मध्ये उठला. अशा घरगुती बैठकांना जाणाऱ्यांना लोक ‘लेसारे’, म्हणजे ‘वाचणारे’, म्हणून चिडवत. एस्ब्योर्नांवर याच वाचणाऱ्यांचा प्रभाव होता.

अमेरिकेत ना राजा, ना चर्चसाठी कर. पाळकाचा पगार मंडळीने, म्हणजे त्या त्या गावच्या चर्चच्या सभासदांनी, आपल्या खिशातून द्यायचा. मला विचाराल तर या चर्चसंघाचा खरा जन्म इथे झाला, हिशेबाच्या वहीत. ज्याने पैसे दिले त्याला बोलण्याचा हक्क आला, आणि शेतकरी पाळकाच्या शेजारी बसून ठराव मांडू लागला.

सुरुवातीला हे स्वीडिश आणि नॉर्वेजियन लोक उत्तर इलिनॉयच्या एका मिश्र लूथरन, म्हणजे मार्टिन लूथरच्या पंथाच्या, संघात होते. तिथे वाद पेटला. १५३० साली जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात लूथरपंथीयांनी आपल्या श्रद्धेचं जे निवेदन मांडलं, ते शब्दन् शब्द मानायचं की सवडीने? स्वीडिशांचं म्हणणं, सवड नाही. शेवटी ५ जून १८६० रोजी विस्कॉन्सिनमधल्या जेफर्सन प्रेअरी इथे त्यांनी वेगळी चूल मांडली. त्या निवेदनाच्या लॅटिन नावावरून संघाचं नाव पडलं ऑगस्टाना सिनोड. ४९ मंडळ्या, जेमतेम पाच हजार सभासद. पहिले अध्यक्ष टुवे हासेलक्विस्ट. ते वर्तमानपत्रवाले पाळक. १८५५ पासून ‘हेमलांडेट’ म्हणजे ‘मायदेश’ नावाचं पत्र चालवत होते. नॉर्वेजियन मंडळी १८७० मध्ये आपल्या वाटेने गेली.

स्वीडनहून पाळक येईनात, म्हणून त्यांनी स्वतःचं विद्यालय काढलं. स्वीडनच्या राजाने त्याला सुमारे पाच हजार पुस्तकं पाठवली. १८६३ मध्ये हे विद्यालय शिकागोहून पॅक्सटनला हललं, ते रेल्वे कंपनीच्या शब्दावर. कंपनीची जमीन स्वीडिशांना विकून द्या, विद्यालयाला दलाली मिळेल, असा तो व्यवहार. विद्वान प्राध्यापक जमिनीचे दलाल! पण नवे लोक पॅक्सटनला थांबेचनात, ते मिनेसोटाकडे निघून जात. १८७५ मध्ये विद्यालय रॉक आयलंडला गेलं, आणि तिथेच रुजलं.

१८६७ पासून स्वीडनमध्ये लागोपाठ दुष्काळ पडले आणि माणसांचे लोंढे सुरू झाले. त्यातल्या बहुतेकांनी या चर्चसंघात नाव घातलंच नाही, हेही सांगायला हवं. सरकारी चर्चच्या जाचाला कंटाळून आलेल्यांना दुसरं चर्च कशाला हवं असेल?

जे आले, त्यांच्यातल्या बायकांनी मात्र कमाल केली. एम्मी एव्हाल्ड या पाळकाच्या मुलीने १८९२ मध्ये स्त्रियांची मिशनरी संस्था उभी केली. स्त्रियांना मताचा हक्क द्या, म्हणून अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे बोलणारी ही बाई. या सिनोडचे मिशनरी आंध्रात राजमहेंद्रीलाही काम करत होते. म्हणजे आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राजवळ येते, तिथे.

आणि भाषा? उपासना स्वीडिश, शाळा स्वीडिश, गायनं स्वीडिश. पण मुलं अंगणात इंग्रजीच बोलायची. १९१८ मध्ये युद्धाच्या ज्वरात आयोवाच्या गव्हर्नरने फर्मान काढलं, की शाळेत, रस्त्यावर, टेलिफोनवर आणि चर्चमध्येसुद्धा फक्त इंग्रजी बोला. फर्मान काही महिन्यांत गेलं, धसका राहिला. पुढे स्वीडनहून येणारेही आटले, आणि १९३० च्या दशकापर्यंत बहुतेक मंडळ्या इंग्रजीत आल्या. १९६२ मध्ये सहा लाखांवर सभासद असलेलं हे चर्च इतर तीन लूथरन चर्चेसमध्ये मिसळून गेलं आणि नावही उरलं नाही.

नाताळच्या पहाटे अंधारात होणारी ‘युलोत्ता’ ही उपासना मात्र काही ठिकाणी अजून होते. तेवढ्या पहाटेपुरतं एखादं गायन स्वीडिशमध्ये म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना त्याचा अर्थ इंग्रजीतून वाचावा लागतो.

नमस्कार.