सगळ्यांत लहान खिसा आणि समुद्रापलीकडचं मस्कत

नमस्कार मंडळी. वाचनालयानं मला विषय दिला तो 'मित्रमैत्रिणींबरोबर शनिवार-रविवारची स्वस्तातली परदेशवारी'. समोर कॉलेजची मुलं आहेत, नुकतीच नोकरीला लागलेली आहेत, आणि त्यांचे आईवडीलही आलेत, हे फार बरं झालं. मला जे सांगायचंय ते दोघांनीही ऐकायला हवं. आपल्याकडे ग्रुपचा बेत ठरतो तो ज्याच्या हातात जास्त पैसे असतात त्याच्या उत्साहावर. तो ठरायला हवा ज्याच्याकडे सगळ्यांत कमी आहेत त्याच्या आकड्यावर. तिकीट, हॉटेल, व्हिसा हे सगळं त्याच्या मागून.

होतं काय ते आपण सगळेच बघतो. व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो, कुणीतरी समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलाचा फोटो टाकतं, धडाधड अंगठे पडतात. एक जण मात्र गप्प असतो. त्याच्या घरी यंदा मोहोर गळलेला असतो, किंवा बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं असतं. तो आधी 'बघू' म्हणतो, मग 'रजा मिळत नाही' म्हणतो. बाकीचे म्हणतात, हा नेहमीचाच. तो मागे राहतो, नाहीतर कुणालाही न सांगता हातउसने घेऊन जातो आणि पुढे वर्षभर फेडत बसतो. अशी मैत्री सहलीनंतर पहिल्यासारखी राहत नाही.

यावरचा उपाय साधा आहे. आम्ही शिक्षक मैत्रिणी तोच वापरतो. प्रत्येकीनं आपल्याला झेपेल तो आकडा चिठ्ठीवर लिहायचा, नाव घालायचं नाही. कागद सारखे, पेन एकच. चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि सहलीला न येणाऱ्या एखाद्या विश्वासू माणसानं त्या उघडून फक्त सगळ्यांत लहान आकडा मोठ्यानं सांगायचा. बाकीच्या चिठ्ठ्या तिथंच फाडून टाकायच्या. तो आकडा म्हणजे माणशी खर्च. त्यात ठरवलेलं गाव बसत नसेल तर गाव बदलायचं, माणूस गाळायचा नाही. आणि आकडा वाढवायचाच असेल तर मुदत वाढवायची. वर्षभर दरमहा ठरावीक रक्कम एका खात्यात टाका, त्याचा हिशेब सगळ्यांना दिसू द्या. आपल्या आया भिशी चालवत आल्याच आहेत, ही शिस्त घरात आहे.

तिकडे गेल्यावरही हेच धोरण. जेवण, बस, टॅक्सी हे सामायिक पेटीतून. खरेदी मात्र तुझं तू, माझं मी. जेवण पेटीतून असलं की हॉटेलात बसल्यावर कुणाला मेन्यूकार्डाची उजवी बाजू आधी वाचावी लागत नाही.

आता गाव कुठलं? बँकॉक, दुबई, कोलंबो ही नावं तुमच्या मनात असणार. माझं मत विचाराल तर कोकणातल्या माणसानं पहिली वारी मस्कतची, म्हणजे ओमानच्या राजधानीची करावी. नकाशा काढून बघा. मुंबईहून सरळ रेषेत मोजलं तर मस्कत कोलकात्यापेक्षा थोडं जवळच आहे. विमानाला तीन तासांच्या आतबाहेर लागतात. आपण रत्नागिरीहून मुंबईला पोचायला याच्या दुप्पट वेळ घालवतो.

आणि हे नातं विमानाचं नाही, गलबताचं आहे. चौलचं बंदर पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी नोंदींत सापडतं. हिवाळ्यातल्या ईशान्येच्या वाऱ्यावर गलबतं अरबस्तानाकडे जायची आणि नैर्ऋत्येचा वारा धरून परत यायची. पोर्तुगीजांनी १५०७ साली मस्कत घेतलं. तेच पोर्तुगीज आपल्या रेवदंड्याला, कोर्लईला, वसईला तटबंदी बांधत होते. मस्कतच्या बंदराच्या दोन्ही अंगांना खडकावर बसलेले जलाली आणि मिरानी हे किल्ले त्यांनी १५८० च्या दशकात उभे केले. ओमानी इमामानं त्यांना १६५० साली तिथून काढलं. आपल्याकडे चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती १७३९ साली. वसईचा किल्ला पाहिलेल्या माणसाला मस्कतचे ते बुरूज बघताना कुणी माहिती सांगायची गरज पडत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. ओमानमध्ये १९७० पर्यंत रुपया चालत होता. रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी १९५९ साली वेगळ्या नोटा काढल्या, त्याही तिथं वापरात होत्या. या जिल्ह्यातली किती घरं आखातातल्या पगारावर उभी राहिली, ते तुम्हाला मी सांगायला नको. तिकडे राबून आलेल्या माणसांच्या मुलांनी ते शहर एकदा मोकळेपणी, पाहुणे म्हणून बघावं असं मला मनापासून वाटतं.

कधी जायचं? गलबतं जायची तेव्हाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे-जूनमध्ये तिकीट स्वस्त दिसेल, पण तेव्हा मस्कतला पारा चाळिशीच्या वर असतो आणि दुपारभर खोलीत बसावं लागतं. शिवाय आंब्याचा हंगाम सोडून इथून हलणार कोण?

दिवसांचा हिशेब आपण आपला करायचा. दोन दिवसांची वारी मुंबईकराला जमते. आपल्याला शुक्रवार आणि सोमवार अशा दोन रजा धरायलाच हव्यात. गुरुवारी संध्याकाळी तुतारी एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी दादर. तिथून आता भुयारी मेट्रो थेट विमानतळाच्या टर्मिनल दोनपर्यंत जाते, त्यामुळे टॅक्सीचे पैसे वाचतात. सावंतवाडी-बांद्याकडच्यांनी गोव्यातल्या मोपा विमानतळाहूनही भाडं बघावं. तो विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि त्यांना तो मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. तिकिटात सामान धरलंय की नाही ते नीट वाचा. सगळ्यांत स्वस्त तिकिटात बऱ्याचदा फक्त हातातली सात किलोची बॅग असते. दोन दिवसांना ती पुष्कळ झाली.

तिकडची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार. आपला रविवार त्यांचा कामाचा दिवस. हे ध्यानात ठेवून बेत आखला की गर्दीही टळते आणि बंद दरवाजेही.

आता सामानावरून एक विषय, आणि इथं मी थोडी थांबणार आहे. तुम्ही मस्कतला चाललात हे वाडीत कळलं की संध्याकाळपर्यंत दारात पिशव्या येतात. 'आमच्या बाबूला एवढं दे.' कोकमं, सुके बांगडे, दिवाळीचा फराळ, औषधाच्या गोळ्या. माया असते त्यात, मला कळतं. पण अनारशावर खसखस असते, आणि आखातातल्या काही देशांच्या कायद्यात खसखस अमली पदार्थांत मोडते. तिथला कस्टमचा माणूस अनारसा ओळखत नाही, तो कायदा ओळखतो. गोळ्यांचंही तसंच. आपल्याकडे सहज मिळणारी काही औषधं तिकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नेता येत नाहीत. शिवाय बंद पाकिटात काय आहे ते देणाऱ्यालाही कधी कधी ठाऊक नसतं. त्याला ते तिसऱ्यानंच दिलेलं असतं. बॅग ज्याच्या हातात, जबाबदार तो. म्हणून काकू, तुमच्याकडे बघून सांगते, राग मानू नका, पण या मुलांच्या हाती पिशवी देऊ नका. आणि मुलांनो, 'नाही' म्हणायला जड जात असेल तर माझं नाव सांगा.

राहायचं कुठे? 'मामा आहे ना तिकडे' हे उत्तर लगेच येतं. मामा असेलही, पण तिकडे पुष्कळ माणसं एका खोलीत तिघं-चौघं राहतात, पाळीनं झोपतात. आपण चार जण तिथं उतरलो तर त्याची सुट्टी आपल्यात जाते, आणि तो ते बोलून दाखवणार नाही. त्याला एका संध्याकाळी जेवायला बाहेर बोलवा, पैसे पेटीतून द्या. मुक्काम रुवी भागात करा. साधी हॉटेलं तिथं आहेत, बसचं मोठं स्थानक आहे, आणि केरळी खानावळींत पराठा, मासळीची आमटी, दाट चहा असं परवडणारं खाणं मिळतं. चौघांत दोन खोल्या घेतल्या की माणशी खर्च आवाक्यात राहतो. विमानतळापासून जुना मत्रा भाग तीस किलोमीटरच्या वर आहे. शहर डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीत लांबलचक पसरलंय, त्यामुळे टॅक्सीत पैसे भराभर जातात. 'मवासलात'च्या लाल बसगाड्या स्वच्छ आणि स्वस्त. रात्री उशिरा मात्र चौघांत मिळून टॅक्सी करा, ॲपवरून भाडं आधी दिसतं.

पैशांबद्दल एकच गोष्ट पक्की करा. एका रियालचे हजार बैसा होतात. रियाल सव्वादोनशे रुपयांच्या पुढे धरा, म्हणजे ५०० बैसाची नोट किरकोळ समजून सोडून देण्यासारखी नाही. दुकानात कार्ड लावल्यावर मशीननं 'रुपयांत की रियालमध्ये' असं विचारलं तर रियाल निवडा. रुपयांत घेतलं तर बहुधा वाईट दर लागतो. आणि प्रवासाचा विमा उतरवा, त्यात काटकसर नको.

आता बघायचं काय. मी म्हणेन, थोडं बघा. शनिवारी सकाळी सुलतान काबूस मशीद. २००१ साली ती उघडली. आपल्यासारख्या इतरधर्मीयांना शुक्रवार सोडून सकाळी ८ ते ११ आत जाता येतं. पुरुषांनी पूर्ण पँट, बायकांनी डोकं, हात, पाय झाकलेले. ओढणी घरूनच न्या. बांधकामाला भारतातून ३ लाख टन वालुकाश्म गेला. मुख्य दालनात एकसंध गालिचा आहे, ७० मीटर लांब, ६० मीटर रुंद, वजन २१ टन. इराणातल्या ६०० बायकांनी तो चार वर्षं विणला, १७० कोटी गाठी मारून. पाहुण्यांसाठी त्यावर निळी पट्टी अंथरलेली असते, तिच्यावरूनच चालायचं. त्या पट्टीच्या कडेशी गुडघे टेकून बसा आणि गालिच्याचा वीतभर तुकडा नुसता बघा. एकेका पाकळीत रंगाच्या तीन-चार छटा आहेत, आणि प्रत्येक छटेला कुणा बाईची बोटं लागलेली आहेत. मला तिथून लवकर उठवेना. असं बघायला वेळ लागतो, आणि दहा ठिकाणांची यादी घेऊन गेलेल्या माणसाकडे नेमका तोच नसतो.

दुपारी बाजार बंद असतो, तेव्हा झोप काढा. संध्याकाळी मत्र्याच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात. आत शिरताच लोबानाचा धूर अंगावर येतो. हा डिंक ओमानच्याच दक्षिणेतल्या धोफारचा. घासाघीस करा, पण हसत.

रविवारी सकाळी मात्र लवकर उठून मत्र्याचा मासळी बाजार गाठा. आपण मिरकरवाडा बंदराची माणसं, आपल्याला या बाजारात संग्रहालयापेक्षा जास्त कळतं. नवी इमारत २०१७ ची, आराखडा नॉर्वेच्या स्नोहेट्टा या वास्तुरचनाकारांचा. वरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या छतातून ऊन झिरपून खाली येतं. ओट्यावर सुरमई, कुपा, बांगडे. मी ज्या ओट्यापाशी उभी राहिले तिथल्या म्हाताऱ्यानं सुरमईचा कल्ला अंगठ्यानं उघडून मला लाल रंग दाखवला, एक शब्द न बोलता. आमच्या बंदरावरची मासळीवाली अगदी तशीच दाखवते. मी मान हलवली, त्यानं मान हलवली. मासळी घ्यायची नव्हती हे त्यालाही कळलं होतं, तरी त्यानं दुसराही कल्ला उघडून दाखवला.

तिथून जुन्या मस्कतला जा. अल आलम राजवाड्याच्या जवळच शंकराचं जुनं देऊळ आहे, कच्छी व्यापाऱ्यांच्या वेळचं. किल्ले बाहेरून बघा, बंदराच्या कठड्यावर बसा. रात्रीचं विमान धरलं की सोमवारी दुपारपर्यंत घरी.

राहिली कागदपत्रं. पासपोर्ट ३६ पानी, फी १५०० रुपये, मुदत १० वर्षं. २०१७ पासून टपाल कार्यालयांतही पासपोर्ट सेवा केंद्रं निघाली आहेत, मुंबईला खेपा घालायला नकोत. मुदत संपायला सहा महिन्यांहून जास्त अवधी हवा. ओमानचा ई-व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. नियम आणि फी जाण्याआधी तिथंच तपासा, एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका. आणि कुणी म्हणालं, 'पर्यटन व्हिसावर जा, तिकडे कामाला लावतो', तर त्याला दारातून परत पाठवा. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर, म्हणजे 'परदेशी नोकरीआधी तपासणी आवश्यक', हा शेरा येतो आणि अशा माणसाला ओमानसह १८ देशांत नोकरीसाठी जायला सरकारी मंजुरी लागते. ती अट कामगाराची फसवणूक होऊ नये म्हणूनच आहे. फिरायला जाताना ती लागत नाही, पण परतीचं तिकीट जवळ हवं.

तेव्हा ज्यांचा पासपोर्ट नाही त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता याच सभागृहात यावं. आधार कार्ड, जन्मदाखला आणि दहावीचं प्रमाणपत्र घेऊन या. तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते घरी तपासा, सगळ्यांत जास्त अर्ज तिथंच अडतात. अर्ज आपण इथं बसून भरू. आणि ज्यांचे ग्रुप ठरलेत त्यांनी चिठ्ठ्यांसाठी डबा घेऊन या, उघडायला मी आहे.