काब्याचा गिलाफ: ते सोनं प्रिंट आहे का?

सलाम, नमस्कार मंडळी! मक्केच्या मागच्या व्हिडिओखाली मला वाटलं होतं हॉटेलचं भाडं विचाराल, गर्दीचं विचाराल. छे. निम्म्या कमेंटमध्ये एकच: "ताई, काब्यावरची ती सोनेरी अक्षरं प्रिंट केलेली असतात ना?" एका काकांनी तर "मशीनवर होतं सगळं, उगाच कौतुक" असं लिहून खाली हसण्याच्या चार बाहुल्या टाकल्यात. काका, आजचा व्हिडिओ तुमच्यासाठी. गिलाफ म्हणजे काब्यावर चढवतात ते काळं रेशमी आवरण, ही अक्षरं त्यावरचीच.

आधी जियारतीचं, म्हणजे आसपासची पवित्र ठिकाणं बघण्याचं, उरकून घेऊ, कारण ते सगळेच सांगतात. बस जबल-ए-सौर दाखवते, अरफातचं मैदान, मुजदलिफा, मिना आणि जबल-ए-नूर. बऱ्याच ठिकाणी खिडकीतूनच बघायचं. जबल-ए-नूरवरच्या हिराच्या गुहेपर्यंत चढायचं असेल तर बसवाल्याच्या भरवशावर राहू नका, पहाटे वेगळे जा, ऊन चढायच्या आत खाली या. झालं.

आता उम्मुल जूद. मक्केतला, जुन्या जिद्दा रस्त्यावरचा भाग. इथे दोन्ही हरमच्या, म्हणजे मक्का आणि मदिनेच्या पवित्र मशिदींच्या, बांधकामाचं संग्रहालय आहे आणि जवळच गिलाफचा कारखाना. ग्रुप ठरवताना हे यादीत आहे का ते आधी विचारा, कारण कारखान्यात असंच घुसता येत नाही, भेट आधी ठरवावी लागते. संग्रहालयात काब्याचा जुना दरवाजा आहे, आणि काब्याचा एक लाकडी खांबही आहे, मक्केचे शासक अब्दुल्ला इब्न जुबैर यांच्या काळातला, म्हणजे सातव्या शतकातला. माझी आई मात्र जमजमच्या जुन्या विहिरीच्या बादलीपुढून हलेना. कोकणातली बाई, जन्मभर विहिरीचं पाणी शेंदलेलं. दोर कुठे बांधत असतील यावर तिने शेजारच्या हैदराबादी बाईंशी चर्चासत्रच भरवलं. इकडे आमचा ग्रुप पुढे निघून गेला.

कारखान्यात कच्चं रेशीम येतं, धुतात, काळं रंगवतात, विणतात. काळ्यावर काळी अक्षरं दिसतात ना, जवळ गेल्यावर? ती विणतानाच येतात, जकार्ड मागावर, म्हणजे कापडातच नक्षी विणणाऱ्या यंत्रावर. काका, इथे मशीन आहे, मान्य. पट्टे जोडायलाही भलंमोठं शिलाई मशीन आहे.

पण सोनेरी अक्षरं वेगळी. नीट ऐका.

काळं रेशीम चौकटीवर ताणतात, खाली सुती कापडाचं अस्तर. त्यावर अक्षरांची नुसती बाह्यरेषा छापतात. हो, छापतात! "प्रिंट" एवढ्यापुरतंच. मग त्या रेषांच्या आत जाड सुती दोरा अक्षराच्या लांबीने एकावर एक रचत जातात, अक्षर फुगेपर्यंत. आणि मग त्यावरून आडवी जर, म्हणजे सोनेरी तार. ही तार खाली-वर ओवत नाहीत, ती वरूनच जाते आणि कडेला साध्या दोऱ्याच्या टाक्याने धरून ठेवतात. हे सगळं हाताने.

अजून पटत नसेल तर मुंबईत जरदोजीच्या कारखान्यात जा, अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणायच्या चौकटीवर, काम चालू असेल तिथे. लग्नाच्या शेरवानीचा कॉलर करताना कारीगर आधी काय करतो? दोरा भरतो. मग वरून जर. मी एकाला विचारलं, भरण कमी केलं तर? तो म्हणाला, "बैठ जाएगा." जरीची तार कितीही महाग असू दे, खाली भरण नसेल तर अक्षर आडवं झोपतं.

तेही राहू दे. तुमच्याच फोनमधला काब्याच्या दाराच्या पडद्याचा फोटो मोठा करून बघा. अक्षराच्या एका कडेला बारीक सावली दिसेल. छापलेल्या अक्षराला सावली पडत नाही हो!

आणि तो व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड, "१२० किलो सोनं". सोनं नव्हे. चांदीची तार, वरून सोन्याचा मुलामा. अशी साधारण १२० किलो, शिवाय नुसत्या चांदीचीही, आणि शेकडो किलो रेशीम. गिलाफची उंची १४ मीटर. वरच्या भागात फिरणारा पट्टा १६ तुकड्यांचा, एकूण ४७ मीटर लांब, ९५ सेंटीमीटर रुंद. हे सगळं दरवर्षी नवीन. पूर्वी ९ जिलहिज्जाला, म्हणजे हजच्या दिवसांत, बदलायचे, २०२२ पासून १ मुहर्रमला, म्हणजे इस्लामी नववर्षाच्या दिवशी, बदलतात.

"आपल्या भारताचा काही संबंध?" असं नागपूरहून विचारलंय. आहे की! गिलाफ शतकानुशतकं मुख्यतः इजिप्तमधून यायचा. १९२६ च्या हजला इजिप्तच्या मिरवणुकीवरून भांडण पेटलं, पुढच्या वर्षी तिकडून आला नाही. मग १९२७ मध्ये मक्केतच कारखाना निघाला आणि सुरुवातीला विणकर आले ते हिंदुस्थानातून. पुढे इजिप्तशी जुळलं, पुन्हा बिनसलं, १९६२ नंतर गिलाफ तिकडून आलाच नाही. उम्मुल जूदचा कारखाना १९७७ चा.

आता माझा राग. "असली गिलाफचा तुकडा, फ्रेमसहित" असं विकणारे. जुना गिलाफ उतरला की तो सरकारच्या ताब्यात जातो, भेट कोणाला द्यायची ते सरकार ठरवतं. बाजारात पाटी लावून मिळत नाही. आमच्या नात्यातल्या एकांनी असा तुकडा घेतला, मी उलटा करून बघितला, तर मागे जाळी आणि कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीची गाठ. आणि जे तवाफ करताना, म्हणजे काब्याभोवती फेऱ्या घालताना, कात्री काढून धागा कापतात त्यांना काय म्हणावं? हजच्या आधी गिलाफ खालून तीनेक मीटर वर गुंडाळून पांढरं कापड लावतात, त्याला हेही एक कारण आहे.

शेवटची कमेंट, पुण्याहून: "आम्ही मुसलमान नाही, मक्केत जाता येत नाही, मग बघायचं कुठे?" जिद्द्याला जाता येतं. तिथे २०२५ च्या इस्लामिक आर्ट्स बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, अख्खा गिलाफ मांडला होता, मक्केबाहेर पहिल्यांदाच. तिथल्या पुढच्या प्रदर्शनांवर लक्ष ठेवा. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात दाराचा एक पडदा आहे, सौदीने १९८३ मध्ये भेट दिलेला. न्यू जर्सीवाले, तुम्हाला तर जवळच! गाइडला विचारा, तो भाग बघू देतात का. आणि गेलात तर समोरून फोटो काढून परत फिरू नका. बाजूला उभे राहा, तिरपा उजेड येईल तिथून बघा. मग काकांना टॅग करा.