प्रश्न कितव्या सेकंदाला?

[दृश्य: कोराडी. कूलिंग टॉवर आणि चिमणी एकाच चौकटीत.]

नागपूरच्या उत्तरेला कोराडीचं वीजकेंद्र. टॉवरवरच्या या पांढऱ्या ढगाला मुलं सर्रास धूर म्हणतात. हे तर वाफ निवून झालेले पाण्याचे बारीक थेंब. धूर निघतो तो चिमणीतून. दहावीला औष्णिक वीजनिर्मिती शिकवताना व्हिडिओ थांबवून प्रश्न विचारायचा, तर तो इथे.

[दृश्य: संगणकाचा पडदा.]

व्हिडिओत असे प्रश्न घालायला एचफाइव्हपी हे मोफत साधन पुरतं. ते मूडलमध्ये, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायच्या प्रणालीत, असतं; मूडल नसेल तर ल्युमी हे ॲप संगणकावर टाकून घ्यायचं. व्हिडिओ सहा मिनिटांच्या आत ठेवा. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंची पाहणी प्रसिद्ध झाली. व्हिडिओ कितीही लांब असो, पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांपलीकडे गेलेला नव्हता. सेकंदाला ६०० किलोबिट धरले, तर सहा मिनिटांची फाइल साधारण २७ एमबी होते.

आता प्रश्नाची जागा. शिक्षकांचं वाक्य संपल्यावर एखाद्या सेकंदाने प्रश्न यावा. त्यासाठी चित्रीकरणातच दोन सेकंद गप्प राहायचं, नाहीतर शेवटचा शब्द तुटतो. प्रश्नाच्या मांडणीत ‘व्हिडिओ थांबवा’ ही खूण करायला विसरू नये. ती राहिली की प्रश्न येतो आणि मुलं वाचेपर्यंत निघून जातो.

[दृश्य: प्रश्न: ‘टॉवरमधून काय बाहेर पडतं?’ पर्याय: धूर, राख, वाफ आणि पाण्याचे थेंब.]

टाळ्यांचे आवाज, चमकणारे तारे यांत वेळ घालवू नका. खरी मेहनत चुकीच्या उत्तरावर करायची. उत्तर चुकलं की व्हिडिओ कितव्या सेकंदाला मागे न्यायचा, हे ठरवता येतं. ती वेळ स्पष्टीकरणाच्या वाक्याआधी दोन-तीन सेकंदांची हवी. पण पर्याय तीनच असतील तर दोनदा चुकल्यावर तिसरं उत्तर न शिकताच सापडतं. म्हणून महत्त्वाच्या जागी गाळलेला शब्द लिहायला लावावा.

इथे मराठीची अडचण येते. वाफेवर काय फिरतं? कुणी ‘टर्बाइन’ लिहितं, कुणी ‘टर्बाईन’. संगणकाला हे दोन वेगळे शब्द. उत्तरं तारांकनांच्या मध्ये, तिरप्या रेघेने वेगळी करून द्यायची: *टर्बाइन/टर्बाईन*. कोराडीचे नवे संच प्रत्येकी ६६० मेगावॅटचे. तो आकडा विचारला तर इंग्रजी अंकांतलं उत्तरही जोडा. हे केलं नाही, तर बरोबर लिहिणाऱ्या मुलालाच लाल खूण दिसते आणि पुढच्या प्रश्नापासून ते मनावर घेणं सोडतं.

[दृश्य: मोबाइल, उभा धरलेला.]

तपासणी स्वस्तातल्या फोनवर करा. उभ्या पडद्यावर व्हिडिओ लहान होतो, लांब पर्याय मावत नाहीत. पर्याय चार-पाच शब्दांचाच हवा. व्हिडिओ पुढे ढकलायला बंदी घालता येते, पण मध्येच नेट गेलं आणि प्रगती साठवायची सोय चालू नसेल, तर सगळं पहिल्यापासून बघावं लागतं. आमच्या मते ती बंदी नकोच.

यूट्यूबचा दुवा वापरला तर नेट लागणारच. नेट नसलेल्या शाळेसाठी व्हिडिओची एमपीफोर फाइल घालून ल्युमीतून एचटीएमएल फाइल काढावी. ती पेनड्राइव्हवरून ब्राउझरमध्ये उघडते. तिच्यातली उत्तरं मात्र मूडलच्या गुणपत्रकात आपोआप येत नाहीत, गुण वहीत उतरवून घ्यावे लागतात.