बिघाड पेरून घ्यायची चाचणी

सर्व्हर आणि नेटवर्कच्या सॉफ्टवेअरची उपयोगिता, म्हणजे ते वापरायला किती सोपं आहे हे, तपासायचं म्हटलं की बहुतेक टीम पहिल्या दिवसाची कामं देतात: इन्स्टॉल करा, लॉगिन करा, एखादा व्हीलॅन (नेटवर्कमधला वेगळा केलेला आभासी भाग) बनवा. त्यातून फारसं हाती लागत नाही. इन्स्टॉलेशन एकदाच होतं आणि तेव्हा ॲडमिनकडे वेळ असतो. खरा कस लागतो तो रात्री दोनला अलर्ट आल्यावर. म्हणून बिघाड आपणच पेरायचा. आणि काम किती वेळात झालं हे नंतर. काहीतरी चुकलंय हे कळायला किती वेळ गेला, ते आधी मोजायचं.

एक काम जवळून बघू. सिस्को कंपनीच्या स्विचवर ट्रंक पोर्टमधून (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीतून) १० आणि २० हे व्हीलॅन जाताहेत, ३० वाढवायचाय. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ असं टाइप केलं तर ३० वाढत नाही. जुनी यादी जाऊन एकटा ३० उरतो. आकड्याआधी ‘ॲड’ लागतं. स्विच कमांड मुकाट्यानं घेतो. आपलं एसएसएच (दुरून स्विच चालवायची जोडणी) त्याच ट्रंकवरच्या १० मधून येत असेल, तर चूक दुरुस्त करायला सेशनच उरत नाही! इथे बघायचं काय? माणूस आधी ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ चालवून आत्ताची यादी बघतो का, एंटरपूर्वी थबकतो का, ‘रीलोड इन १०’ (दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन जतन केलेल्या कॉन्फिगरेशनवर येतो) लावून ठेवतो का. अशी प्रत्येक सवय म्हणजे सॉफ्टवेअरनं न दिलेलं संरक्षण माणसानं स्वतः उभं केलेलं असतं, आणि तीच आपली नोंद. ज्युनिपर कंपनीच्या उपकरणांवरच्या ‘कमिट कन्फर्म्ड’ या कमांडमध्ये हे संरक्षण आतच आहे: बदल पुन्हा कमिट (पक्के) केले नाहीत, तर ठरावीक वेळेनं, एरवी १० मिनिटांनी, जुनं कॉन्फिगरेशन परत येतं.

लॅब व्हर्च्युअल मशीनवर उभारा आणि दर सेशनआधी स्नॅपशॉटवर (मशीनच्या साठवलेल्या जुन्या स्थितीवर) परत या. मात्र परत आल्यावर घड्याळ मागे राहतं, मग एनटीपी (घड्याळ जुळवणारी यंत्रणा) ते पुढे ढकलतं आणि लॉगमधल्या वेळा उडी मारतात. समोरचा माणूस तीच उडी बिघाड समजून अर्धा तास शोधत बसतो. त्यामुळे घड्याळ जुळल्याची खात्री करूनच त्याला बसवा. ९० मिनिटांत दोनच बिघाड द्या: उदाहरणार्थ, मुदत संपलेलं सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारी फाइल) आणि भरलेलं ‘व्हार’ पार्टिशन (डिस्कचा लॉग साठणारा भाग). त्याचे स्वतःचे एलियस (कमांडना दिलेली छोटी नावं), त्याचा एडिटर, वेबवरचा शोध हे सगळं चालू द्या. त्यानं काय शोधलं, त्यातच आपल्या एरर मेसेजची परीक्षा होते. एकसारखे दिसणारे दोन टर्मिनल मुद्दाम ठेवा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या इंजिनिअरनं दुय्यम समजून मुख्य डेटाबेस सर्व्हरवरची डिरेक्टरी पुसायला घेतली होती. लॅबमध्ये एकच खिडकी असेल तर असली चूक कधी दिसणारच नाही.

बिघाड शोधणाऱ्याला ‘मोठ्यानं विचार करा’ म्हणू नका, त्याची तंद्री मोडते. टर्मिनलचं रेकॉर्डिंग करा आणि नंतर शेजारी बसून दाखवत विचारा.

माणसं किती? अशा चाचणीला पाच पुरतात असं नेहमी सांगतात, पण हे गणित एक अडचण ३१ टक्के लोकांना येते असं धरून केलेलं आहे; तेव्हा ८५ टक्के अडचणी सापडतात. दहातल्या एकालाच येणारी अडचण पाच जणांत दिसण्याची शक्यता ४१ टक्केच. सर्व्हरवर नेमकी तीच महागात पडते. नेटवर्क, सर्व्हर, सुरक्षा अशा प्रत्येक भूमिकेतून वेगळे पाच घ्या. निवडताना अनुभवाची वर्षं विचारण्यापेक्षा ‘मागचं सर्टिफिकेट कसं बदललंत?’ विचारा, ज्यानं ते केलंय तो फाइलींची नावं सांगतो.

निष्कर्षांची चाळीस पानं कुणी वाचत नाही. प्रत्येक अडचण बग ट्रॅकरमध्येच टाका, रेकॉर्डिंगचा वीस सेकंदांचा तुकडा जोडून. गांभीर्य ठरवताना किती जण अडकले हे मोजू नका. एका चुकीनं किती यंत्रं बंद पडतील आणि ती किती उशिरा लक्षात येईल, ते बघा. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडून ‘मॅन्युअलमध्ये लिहिलंय’ हे उत्तर येणारच. तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये मॅन्युअल उघडलेलं कुठे दिसतं, ते दाखवा: बहुतेकदा ट्रंक तुटल्यानंतर.