झोंबी कमी, झोंबाझोंबी फार

ग्रंथालयात जाऊन 'झोंबी' मागितलं की आनंद यादवांचं पुस्तक हातात पडतं. बरोबरच आहे. मराठीत झोंबी म्हणजे झटापट, अंगाला अंग भिडवणं. पडद्यावरची चालती मढी आपल्याकडे फार नंतर आली. पण गंमत बघा, शे-दीडशे कोटी डॉलर नाही, नुसते पंधरा-वीस कोटी डॉलर घालून काढलेल्या झोंबीपटांना आपला मराठी अर्थच जास्त शोभतो. मढी नावापुरती, झोंबाझोंबी तुडुंब.

मी भयपटांचा जुना गिऱ्हाईक. २०१३ साली 'वर्ल्ड वॉर झेड' लागला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात गेलो. ब्रॅड पिट, साधारण १९ कोटी डॉलरचा खर्च. जेरुसलेमचा प्रसंग तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. शहराला उंच भिंत. आत वाचलेले लोक लाऊडस्पीकरवर गाणी म्हणताहेत, आणि त्या आवाजानं बाहेरची मढी चवताळतात. एकमेकांच्या खांद्यावर, डोक्यावर चढत मुंग्यांसारखा ढीग रचतात आणि भिंतीवरून आत कोसळतात. कॅमेरा वर, आभाळात. दृश्य जबरदस्त, यात वादच नाही. पण माझ्या शेजारचे गृहस्थ त्या सगळ्या वेळात निवांत पॉपकॉर्न खात होते. आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्याच डब्यातले दोन खाल्ले.

आता भयपटात शेजारचा माणूस निवांत खाऊ शकतो, याचा अर्थ काय? तो पूर बघतोय. धरण फुटलेलं बघतोय. पुराचीही भीती वाटते, पण ती मढ्याची भीती नव्हे.

ही भीती मुळात कुठली, ते बघा. झोंबी हैतीचा. उसाच्या मळ्यांत गुलामांना राबवून मारलं त्या बेटावरचा. मेल्यावर तरी सुटका होईल म्हणावं, तर मेल्यावरही कुणीतरी उठवून कामाला जुंपतो, ही ती धास्ती. १९३२च्या 'व्हाइट झोंबी'त साखरेच्या गिरणीचा प्रसंग आहे. मढी मुकाट यंत्र ओढताहेत. एक जण तोल जाऊन यंत्रात पडतो. बाकीचे थांबत नाहीत. कुणी मानही वळवत नाही. कुठे आरडाओरडा नाही, आणि नव्वद वर्षं जुना तो प्रसंग आजही अंगावर येतो.

(आपल्याकडे हा प्रकार रुजला नाही त्याला कारण आहे. आपण बहुतेक जण जाळतो. उठायला उरतं काय? म्हणून आपलं भूत बिनशरीराचं, इच्छा राहिलेलं, आंबटशौकीन, गाऱ्हाणं घातलं की ऐकणारं. झोंबीला गाऱ्हाणं घालून उपयोग नाही. आत कुणी राहतच नाही.)

१९६८ मध्ये जॉर्ज रोमेरोनं पिट्सबर्गच्या आसपास सव्वा लाखाच्याही आत डॉलरमध्ये 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला. कृष्णधवल, रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप. झोंबी हा शब्दही त्यात कुणी उच्चारत नाही. सुरुवातीला स्मशानात बार्बराचा भाऊ मारला जातो. ती पळून एका घरात आसरा घेते. दारं-खिडक्यांना फळ्या ठोकल्या जातात. शेवटी फळ्या निखळतात, बाहेरचे हात आत येतात, आणि त्या घोळक्यात एक चेहरा तिच्या ओळखीचा निघतो. तिचाच भाऊ. तोच तिला ओढून नेतो. खाली तळघरात तोवर चावा बसलेली एक मुलगी उठलेली असते, आणि आई खाली तिच्याकडे उतरलेली असते. माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रकार ओळखीच्या चेहऱ्यावर उभा आहे. समोरचा आपला होता आणि आता नाही, आणि दार लावायचं की उघडायचं, हे आपल्याला ठरवायचंय. पैसा गर्दी विकत घेतो, आणि गर्दीत चेहरा हरवतो.

काही मित्र म्हणतात, घोटाळा धावण्याचा आहे, मढ्यांनी हळू चालावं. मला पटत नाही. '२८ डेज लेटर'मधली माणसं धावतात आणि घाम फोडतात. (ती मेलेली नसून रोगट आहेत, ही तक्रार शुद्धिवाद्यांनी बाहेर चहाच्या वेळी करावी.) कोरियाचा 'ट्रेन टू बुसान' घ्या, २०१६चा. तिथेही धावतातच. पण रेल्वेच्या डब्यांतली काचेची दारं आहेत. पलीकडून दिसलं की ती झेपावतात. मग एक गरोदर बाई काचेवर पाणी मारून वर्तमानपत्राचे कागद चिकटवते, आणि पलीकडचं सगळं शांत होतं. ओला कागद! त्याला किती पैसे लागले असतील? त्याच दिग्दर्शकानं, येऑन सांग-होनं, २०२०मध्ये जास्त पैसे घेऊन 'पेनिन्सुला' केला. त्यात गाड्यांच्या शर्यती आहेत, आणि मढी टायरखाली येण्यापुरती.

एक बाजू मात्र निर्मात्यांचीही आहे. १९ कोटी वसूल करायचे तर शाळकरी पोरांनाही आत घ्यावं लागतं, म्हणजे अमेरिकेत पीजी-१३ प्रमाणपत्र. ब्रॅड पिट एका मढ्याच्या डोक्यात पहार हाणतो, ती अडकते, तो पाय लावून खेचतो, आणि हे सगळं चौकटीच्या खाली! आपल्याला फक्त त्याचे खांदे हलताना दिसतात.

पण या सिनेमाची खरी मजा पुढे आहे. शेवट मुळात रशियातल्या मोठ्या लढाईचा होता. चित्रीकरण झालेलं. निर्मात्यांना तो जमला नाही असं वाटलं, त्यांनी तो बाजूला ठेवला आणि नवा लिहून घेतला. नवा शेवट काय? वेल्समधली एक प्रयोगशाळा, लांबलचक बोळ, मोजकी मढी, आणि पायाखाली येणाऱ्या रिकाम्या डब्याची धास्ती. काचेपलीकडे एक जण नुसते दात वाजवत उभा असतो. टक्, टक्. एवढ्या पैशांचा प्रवास शेवटी एका बोळात येऊन थांबला. तिथे आमचे पॉपकॉर्नवाले गृहस्थ पहिल्यांदा सरळ बसले.

आणि त्याच्याही आधी, पहिल्या अर्ध्या तासात, एक प्रसंग आहे. इमारतीच्या जिन्यात झटापट होते आणि नायकाच्या तोंडात रक्ताचा थेंब जातो. चावा बसल्यावर किती वेळात माणूस पालटतो, हे त्यानं आधी रस्त्यावर मोजलेलं असतं. बारा सेकंद. तो धावत गच्चीच्या कठड्यावर जाऊन उभा राहतो, पाठ बाहेरच्या पोकळीकडे. समोर बायको-मुली. आपण पालटलोच तर त्यांच्याकडे झेप घ्यायच्या आधी खाली पडावं, म्हणून. आणि तो मोजतो. माझ्या कानाशी कुणीतरी मराठीत मोजत होतं, एक, दोन, तीन. बाराला तो कठड्यावरून उतरला, तरी मी तेरा, चौदा करत राहिलो होतो.