फेस आला म्हणून नवा पदार्थ झाला का?

भौतिक आणि रासायनिक बदल शिकवताना फळ्यावर दोन रकाने आखले जातात. डावीकडे बर्फ वितळणे, कागद फाटणे. उजवीकडे लोखंड गंजणे, लाकूड जळणे. मग मुलांना एक सोपा नियम दिला जातो: उलटवता येतो तो भौतिक, उलटवता येत नाही तो रासायनिक. रकाने राहू द्या. नियम मात्र पुसून टाका, कारण तो दोन्हीकडून फसतो.

काचेचा पेला फुटला तर तो पूर्ववत होत नाही, पण प्रत्येक तुकडा काचच असतो. बदल भौतिक, तरी उलटत नाही. आता याच्या नेमके उलट उदाहरण पाहू. कोरड्या परीक्षानळीत निळ्या मोरचुदाची २.५ ग्रॅम बारीक पूड घ्या आणि मंद ज्योतीवर तापवा. नळीचे तोंड तळापेक्षा किंचित खाली झुकलेले हवे. पुडीतून निघालेली वाफ तोंडाशी थंड होऊन तिचे थेंब जमतात. नळी उभी धरली तर ते तापलेल्या तळावर ओघळतात आणि काच तडकते. निळी पूड हळूहळू पांढरी होते. थंड झाल्यावर ती तोला: सारे पाणी निघून गेले असेल तर सुमारे १.६ ग्रॅम भरेल. गेलेले ०.९ ग्रॅम म्हणजे स्फटिकात बांधलेले पाणी. पांढऱ्या पुडीवर दोन थेंब पाणी टाका. निळा रंग परत येतो आणि नळी हाताला गरम लागते. बदल उलटला, तरी तो रासायनिकच, कारण मधली पांढरी पूड हा निराळा पदार्थ होता.

हा प्रयोग शिक्षकांनीच चष्मा लावून करावा. मोरचूद विषारी आहे, आणि घाईने जास्त तापवले तर पूड काळी पडून घशाला झोंबणारे वायू निघतात.

तेव्हा मुलांना विचारायचा प्रश्न एकच: आधी जे होते तेच आताही आहे का?

या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांना लगेच मिळतेच असे नाही. बुडबुड्यांचेच घ्या. पाणी तापू लागले की उकळण्याच्या कितीतरी आधी भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसतात. ती पाण्यात विरघळलेली हवा. १००° सेल्सिअसच्या सुमारास मोठे बुडबुडे उसळतात. ती वाफ, म्हणजे पाणीच. खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओतले की फसफसते. तो कार्बन डायऑक्साइड, जो आधी वायू म्हणून तिथे नव्हताच. दिसायला तिन्ही बुडबुडेच. वाफेवर थंड ताटली धरली की पाण्याचे थेंब मिळतात. सोड्यातून निघालेला वायू चुन्याच्या निवळीतून सोडला तर ती दुधाळ होते. ‘बुडबुडे दिसले, म्हणून रासायनिक’ या उत्तराला पूर्ण गुण देऊ नयेत. बुडबुड्यात काय आहे, तेही विचारावे.

मेणबत्तीला दोन्ही रकान्यांत जागा द्यावी लागते. मेण वितळते, वातीतून वर चढते, त्याची वाफ होते. इथवर सगळे भौतिक. मग ती वाफ जळते. हे दाखवायचे तर वारा नसलेल्या जागी ज्योत हलकेच विझवा आणि वातीवरून उठणाऱ्या पांढऱ्या रेषेला, वातीपासून २–३ सेंटिमीटरवर, पेटती काडी लावा. ज्योत खाली वातीवर उडी मारते. ती रेषा जळून झालेला धूर नव्हे, मेणाची वाफ आणि तिचे गोठलेले कण आहेत.

आता वजनाचा प्रयोग: नवा पदार्थ झाला तरी एकूण वजन तेच राहते का, हे पाहण्याचा. तो सर्वांत जास्त फसतो, म्हणून सावकाश पाहू. शीतपेयाची १ लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. काचेची नको, फुटू शकते; पाण्याची पातळ बाटलीही नको. तिच्यात ५ टक्के तीव्रतेचे ४० मिलिलिटर व्हिनेगर ओता. २ ग्रॅम सोडा टिश्यू पेपरच्या पुडीत बांधा. बाटली, बूच आणि पुडी एकत्र तोला. पुडी आत टाकून लगेच बूच घट्ट लावा. कागद भिजेपर्यंत काही क्षण मिळतात, तेवढे पुरतात. सोडा याहून वाढवू नका, आतला दाब वाढतो. फेस बसला की पुन्हा तोला: आकडा तोच. बाटली मात्र गार लागेल, कारण ही क्रिया उष्णता शोषते. बूच हळूच सैल करून वायू जाऊ द्या आणि बुचासकट परत तोला. आकडा अर्ध्या ग्रॅमहून अधिक उतरतो. त्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा.

हाच प्रयोग पुष्कळदा बाटलीच्या तोंडाला फुगा लावून, ५ ग्रॅम सोडा घेऊन केला जातो. तेव्हा वायू कुठेही न गळता वजन दीड ग्रॅमच्या आसपास कमी दिसते आणि वर्गात गोंधळ उडतो. चूक काट्याची नसते. फुगलेला फुगा सव्वा लिटरच्या आसपास हवा बाजूला सारतो, आणि ती हवा त्याला तेवढ्याच वजनाने वर उचलते. कडक बाटलीचे आकारमान बदलत नाही, म्हणून तिथे हा घोळ होत नाही.